लॉकच्या आतलं साल

जुनं मनगटी घड्याळ हातात आलं की बहुतेक जण आधी डायल पाहतात. मी ते पालथं करतो, चेनचं लॉक उघडतो आणि आतलं पातं उजेडात धरतो. देवासला सयाजी द्वाराजवळ आमचं दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांनी मला पहिल्यांदा जे शिकवलं ते मशीन खोलणं नव्हतं, लॉक उघडून आत काय ठोकलंय ते वाचणं होतं. डायल पुन्हा रंगवता येते, काटे बदलता येतात, केस पॉलिश करून चकाचक करता येते. लॉकच्या आतल्या बाजूला मात्र कुणी हात लावत नाही, कारण ती बाजू कुणाला दिसतच नाही. कारखान्यात जो ठसा बसला तो पन्नास वर्षांच्या घामाखाली आणि मळाखाली तसाच राहतो.

माळव्यात या कामाला माल कमी नाही. देवास ही थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन संस्थानं, तिकडे धार, मध्ये होळकरांचं इंदूर. या दरबारांबरोबर आलेली मराठी घरं अजून इथेच आहेत आणि त्यांच्या कपाटांत पणजोबांच्या खिशातल्या घड्याळांच्या चांदीच्या साखळ्या आहेत. साल वाचण्याचं पहिलं शिक्षण मला या साखळ्यांनीच दिलं. इंग्रजी चांदीच्या साखळीवर, पुष्कळदा तर कडीकडीवर, बारीक ठसे असतात. चालणारा सिंह म्हणजे चांदी कसाची, नांगर म्हणजे तपासणी बर्मिंगहॅमला झाली, आणि जाकिटाच्या काजात अडकवायच्या आडव्या दांडीवर एखादं अक्षर असतं ते वर्षाचं. अक्षराचा वळसा आणि त्याभोवतालच्या चौकटीचा आकार जुळवला की नेमकं वर्ष निघतं. सरकारमान्य ठशाने साखळीचं साल सांगावं ही इंग्रजांची जुनी शिस्त होती. मनगटी घड्याळांच्या चेनवर ती पोचली तेव्हा सरकारची राहिली नाही, प्रत्येक कारखान्याची वेगळी झाली. कामाची खरी अडचण तिथूनच सुरू होते.

महूच्या छावणीमुळे आमच्याकडे आणखी एक जात येते. आडव्या पोकळ पट्ट्या एकीला एक जोडलेली, बॉनक्लिप नावाची चेन. १९३० च्या दशकात ती इंग्लंडमध्ये चालली आणि फौजी मनगटांवर दिसू लागली. तिचा आकडा हव्या त्या पट्टीत अडकवला की चेन लहान-मोठी होते, हत्यार लागत नाही. तिच्यावर साल नसतं, पण बॉनक्लिप हे नाव आणि पेटंटच्या खुणा असतात. तेवढ्यावरून काळाचा अंदाज बांधायचा, त्यापलीकडे जायचं नाही. ‘आजोबांना लढाईत मिळाली’ असं गिऱ्हाईक सांगतं, तेव्हा मी म्हणतो, मिळाली असेल. चेन त्याच्या आड येत नाही. पुरावा आणि आड न येणं या दोन गोष्टींत जे अंतर आहे, ते सांभाळणं हाच या धंद्यातला प्रामाणिकपणा आहे असं मला वाटतं.

आता मुख्य मालाकडे येतो. स्विस चेनमध्ये वाचायला सर्वांत सोपी जुनी ओमेगा. साठच्या दशकातल्या त्यांच्या कित्येक स्टीलच्या चेनच्या लॉकमध्ये दोन आकडे असतात, एक लहान, एक दोन अंकी. लहान आकडा वर्षातल्या तिमाहीचा, दोन अंकी आकडा सालाचा. ‘२’ आणि ‘६८’ असेल तर चेन १९६८ च्या एप्रिल ते जूनमधली. शिवाय चेनचा नंबर असतो, उदाहरणार्थ १०३९, आणि केसला भिडणाऱ्या टोकाच्या तुकड्यावर त्याचा वेगळा नंबर, ५१६ वगैरे. हे दोन नंबर एकमेकांना धरून आहेत का हे पाहिल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. टोकं एका चेनची आणि लॉक दुसऱ्या चेनचं, असं फार वेळा आढळतं.

रोलेक्सच्या चेनवरही १९७५ पर्यंत अशीच तिमाही आणि साल मिळतं. १९७६ पासून त्यांनी अक्षरं घेतली. १९८६ ला ‘के’, १९९३ ला ‘आर’, आणि सोबतचा आकडा महिन्याचा. २००० साली अक्षरं दोन झाली, ‘एबी’ पासून पुढे, आणि २०१० च्या सुमारास ही पद्धत संपली. इथे एक खड्डा आहे, त्यात शिकाऊ पोरं हमखास पडतात. रोलेक्सच्या केसवर, चेन काढली की दिसणाऱ्या जागी, जो नंबर असतो त्याच्या आधीही अक्षर येतं, आणि त्या अक्षरांचा क्रम वेगळा आहे. केसवरचा ‘आर’ १९८७ च्या आसपासचा, लॉकमधला ‘आर’ १९९३ चा. दोन्हीकडे ‘आर’ पाहून ‘जोडी जुळली’ म्हणणारा माणूस खरं तर सहा वर्षांचं अंतर डोळ्यांसमोर असून पाहत नसतो. अक्षराच्या जोडीला आणखी एक ‘एस’ असेल तर ती चेन कंपनीच्या सर्व्हिसमध्ये बदलून दिलेली. ती अस्सलच असते, पण घड्याळाबरोबर जन्मलेली नसते.

रोलेक्सच्या आणि इतरही बऱ्याच नावांच्या चेन जिनिव्हातल्या गे फ्रेअर या जुन्या कारखान्यात होत. १८३५ पासून साखळ्या करणारं ते घर १९९८ मध्ये रोलेक्सनेच घेतलं. त्यांचा ठसा म्हणजे ‘जी’ आणि ‘एफ’ या दोन अक्षरांच्या मध्ये मेंढ्याचं डोकं. हा ठसा भिंगाखाली पहिल्यांदा स्पष्ट दिसला तेव्हा मी काम थांबवून दुकानातल्या सगळ्यांना बोलावलं होतं. धारच्या एका पेटीत, तुटलेल्या चेनच्या जुडग्यात, मोहरीएवढी ती खूण सापडली होती. घरच्यांनी ती पेटी भंगारात काढायची म्हणून बाजूला ठेवली होती.

ठसे वाचायला पुस्तकं आणि तक्ते मिळतात. हाताने वाचायचं मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे त्यावर थोडं जास्त बोलतो. चेन आडवी धरा, कडांची बाजू जमिनीकडे करून, आणि किती झुकते ते पाहा. जुन्या चेनच्या कड्या पातळ पत्रा दुमडून केलेल्या असत, आत पोकळ. वर्षानुवर्षं मनगटावर वाकून पत्रा झिजतो, कडी सैल होते, चेन लोंबते. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात चांगल्या कारखान्यांनी भरीव कड्या आणल्या. त्या जड असतात, हलवल्या की आवाज भरदार येतो, झुकणं कमी. त्याच्याही आधीच्या काही चेनमध्ये कडेला रिव्हेटची गोल डोकी दिसतात. नख फिरवलं तर खऱ्या रिव्हेटची कड हाताला लागते. नंतरच्या नकलेत ते डोकं नुसतं शोभेचं असतं, आरपार गेलेलं नसतं.

मग धातू. एचएमटीच्या काळातल्या कितीतरी देशी चेन पितळेवर क्रोमचा मुलामा दिलेल्या आहेत. लॉकच्या कडेला, जिथे रोज नख लागतं, तिथे मुलामा उडून पिवळं दिसतं. चांगलं स्टील असं कधी उघडं पडत नाही. स्प्रिंगच्या चेनचा वेगळा वर्ग आहे, ज्यांना लॉकच नसतं, हात घातला की ताणतात. अमेरिकेतल्या स्पायडेल कंपनीची ट्विस्ट-ओ-फ्लेक्स १९५९ ची, जर्मनीतल्या फोर्झहाइमची फिक्सोफ्लेक्सही माळव्यात पुष्कळ आली. तिथे साल लॉकमध्ये शोधायचं नसतं, कारण लॉकच नाही. टोकाच्या पत्र्याच्या आतलं नाव, पेटंट आणि देश एवढ्यावर भागवावं लागतं. जपानी घड्याळांची गोष्ट आणखी निराळी. सत्तरच्या दशकातल्या सीकोच्या चेनच्या लॉकवर ‘सीको’च्या जोडीला ‘स्टेलक्स’ दिसतं, हाँगकाँगच्या कंपनीचं नाव. ते पाहून ‘हाँगकाँगची डुप्लिकेट’ म्हणून चेन फेकून दिल्याचे प्रसंग मी ऐकले आहेत आणि दर वेळी जीव कळवळला आहे. ती सीकोसाठीच बनलेली चेन असते. साल हवं असेल तर सीकोच्या पाठीवरच्या नंबरातला पहिला आकडा वर्षाचा आणि दुसरी खूण महिन्याची. पण तो वर्षाचा आकडा दशक सांगत नाही. ते मशीनच्या नंबरावरून ठरवायचं.

नकली ठसा ओळखायला दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. खरा ठसा पोलादी साच्याने दाबलेला असतो, त्यामुळे अक्षराच्या कडेला धातू किंचित वर उठतो आणि तळ गुळगुळीत राहतो. आजकालच्या नकलेत अक्षर लेसरने जाळलेलं असतं. तळ खरखरीत, कडा सपाट, आणि मुख्य म्हणजे ओरखडे अक्षराच्या खालून जातात. चाळीस वर्षांपूर्वीचा ठसा कालच्या ओरखड्याच्या वर बसूच शकत नाही.

सोन्याच्या चेन आल्या की मी सराफ्यातल्या जाणत्यांना बसवून घेतो, पण काही खुणा घड्याळजीलाही ठाऊक असायला हव्यात. स्विस सोन्यावर १८ कॅरेटला हेल्वेशियाचं, म्हणजे स्त्रीच्या मस्तकाचं चिन्ह, १४ कॅरेटला खारीचं. १९९५ पासून या सगळ्यांच्या जागी सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं आलं. म्हणजे लॉकमध्ये कुत्र्याचं डोकं असेल तर ‘आजोबांची साठच्या दशकातली चेन’ हे बसत नाही, मग घड्याळ कितीही जुनं असो. आपल्याकडच्या सोनाराने घडवलेल्या चेनवरही काळ ओळखता येतो. १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आलं आणि १४ कॅरेटपेक्षा जास्त कसाचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. ती अट १९६६ मध्ये उठली. देशी घडणीच्या चेनवर ‘१४’ दिसलं की मी त्या तीन वर्षांचा विचार आधी करतो. आपल्या मानक ब्यूरोचा हॉलमार्क असेल तर २००० नंतरचीच. त्या १४ कॅरेटच्या काळात कितीतरी सोनारांच्या हातचं काम गेलं. त्यांच्यापैकी कुणी घड्याळाच्या चेन घडवून दिवस काढले असतील, असं त्या ‘१४’ कडे पाहताना मनात येतं.

धारची एक चेन माझ्या मनात इतर सगळ्यांपेक्षा ठसून आहे. निवृत्त शिक्षिका असलेल्या एक ताई भाच्याला घेऊन आल्या होत्या. ओमेगाचं घड्याळ, स्टीलची चेन. घरातली आठवण अशी की संस्थान विलीन झालं त्या वर्षी, म्हणजे १९४८ मध्ये, आजोबांना ते मिळालं. भाच्याला ते विकायचं होतं. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने फोटो पाहूनच ‘जोडकाम आहे’ म्हणून भाव पाडला होता, आणि भाच्याच्या मनात आजोबांच्या गोष्टीबद्दलच शंका शिरली होती.

“दादा, आजोबा खोटं बोलणारे नव्हते,” ताई म्हणाल्या. “तुम्ही नीट पाहा.”

लॉक उघडलं. ‘३’ आणि ‘६७’. ठसा दाबलेला, कडा उठलेल्या, अस्सल. म्हणजे चेन १९६७ च्या जुलै ते सप्टेंबरमधली. भाचा म्हणाला, “झालं ना मग! १९ वर्षांचा फरक.” मी पाठ उघडली. मशीनवरचा नंबर एक कोटी दहा लाखांच्या पुढचा. ओमेगाच्या नंबरांच्या हिशेबात तो १९४७-४८ चा. आजोबांची गोष्ट मशीनने उचलून धरली होती. व्यापाऱ्याचंही एका अर्थी खरं होतं, चेन त्या घड्याळाबरोबर आलेली नव्हती. पण ‘जोडकाम’ म्हणजे कुणीतरी फसवायला जुळवलेलं, असा जो अर्थ भाच्याने घेतला, तो चुकीचा होता.

मी केसच्या पायांमधली, चेन जिथे अडकते ती जागा भिंगाखाली दाखवली. आतल्या भिंतींवर दोन प्रकारची झीज होती. खालच्या भागात चामडी पट्ट्याने घासून झालेली मऊ चकाकी, तिच्यावर वरच्या कडेला स्टीलच्या टोकांनी पाडलेल्या ताज्या, तीक्ष्ण रेघा. आधी पट्टा, मग चेन. “पट्ट्याचं काही आठवतं का?” मी विचारलं. ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आजोबांना घाम फार. उन्हाळ्यात पट्टा कुजायचा, वास यायचा, आजी ओरडायची. थोरले काका बोटीवर होते ना, त्यांनी बाहेरून चेन आणली होती. मी शाळेत होते तेव्हा.” १९६७ ला त्या शाळेत होत्या का, हे मी विचारलं नाही, त्यांनी स्वतःच बोटांवर हिशेब केला आणि मान हलवली.

लॉकच्या कडेला चेन घट्ट-सैल करायची भोकं असतात. त्यात पिनेने जिथे वर्षानुवर्षं दाब दिला तिथे भोक लांबट होतं. इथे दोन भोकं लांबट झाली होती. बाहेरचं जास्त, आतलं कमी. म्हणजे हे घड्याळ आधी एका जाड मनगटावर खूप काळ होतं आणि नंतर एका बारीक मनगटावर. भाच्याने ते घड्याळ उचलून हातात घातलं, पिन आतल्या भोकातच होती, आणि ते त्याला बरोबर बसलं. “बाबांचा हात माझ्यासारखाच होता,” तो म्हणाला. माहितीचा हा तुकडा कोणत्याही तक्त्यात नसतो. ठसा चेनच्या जन्माची तारीख देतो, भोकं त्या चेनच्या आयुष्याची.

माळव्यातली घड्याळं अशीच असतात, आणि हे मी आता बाहेरच्या व्यापाऱ्यांना आवर्जून सांगतो. आयातीवर निर्बंध होते. बेंगळुरूला एचएमटीचा कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने सुरू झाला तरी स्विस घड्याळाचा मोह कमी झाला नव्हता. फाव्र-ल्यूबा, वेस्ट एंड, ओमेगा ही घड्याळं चामडी पट्ट्यावर आली, पट्टे माळव्याच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात टिकले नाहीत, मग जी चेन मिळाली ती बसली. बोटीवरच्या मुलाने आणलेली, मुंबईच्या फुटपाथवरची, इंदूरच्या सराफ्यात डाख देऊन दुरुस्त केलेली. देवासला बँक नोट प्रेस सुरू झाली, पुढे कारखाने वाढले, निवृत्तीला घड्याळ द्यायची पद्धत पडली, आणि एका घरात एचएमटीची चेन स्विस घड्याळावर आणि स्विस चेन एचएमटीवर अशी अदलाबदल झालेली मी पाहिली आहे. दोन भावांनी केलेली. अशी प्रत्येक चेन ‘चुकीची’ म्हणून उपटून, त्या जागी परदेशातून त्याच सालाची ‘बरोबर’ चेन आणून बसवायची, हा आजच्या संग्राहकांचा हट्ट मला पटत नाही. सालं जुळतात आणि घड्याळ त्या घरातून निघून जातं.

शुद्ध संचाला बाजारात भाव जास्त मिळतो हे खरं आहे, आणि गिऱ्हाइकाला पैशांची गरज असेल तर मी त्याला अडवत नाही. पण काढलेली चेन परत द्यायचीच, ही आमच्या दुकानाची पक्की रीत आहे. आमच्या धंद्यात नवी चेन बसवली की जुनी डब्यात टाकायची आणि डबा भरला की भंगारवाल्याला द्यायचा, अशी पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्या डब्यांबरोबर या भागाचा केवढा तरी इतिहास किलोच्या भावाने गेला. मी धारला जातो तेव्हा जुन्या दुकानांतले असे डबे चाळायला मागतो. लोक देतात, चहाही देतात. लॉक वेगळी काढून, कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने धुऊन, ठसा वाचून, कागदाच्या पुडीत ठेवतो. धुण्याआधी मात्र तसंच एकदा भिंगाखाली पाहतो, कारण मळ कुठे साचला आणि कुठे नाही यावरूनही ते लॉक कधी बदललं याचा पत्ता लागतो.

आता मी प्रत्येक जुन्या घड्याळाबरोबर हाताने लिहिलेली चिठ्ठी देतो. त्यात ‘हे घड्याळ अमुक सालचं’ असं एकच वाक्य कधीच नसतं. मशीनचं साल वेगळं, केसचं वेगळं, चेनच्या कड्यांचं वेगळं आणि लॉकचं वेगळं लिहितो. जे ठशावरून निघालं ते आणि जे घरच्यांच्या आठवणीवरून आलं ते, यांच्या ओळीही वेगळ्या ठेवतो. ताईंच्या चिठ्ठीत मशीन १९४७-४८, लॉक १९६७ ची तिसरी तिमाही, आणि त्याखाली ‘घरच्या सांगण्यानुसार काकांनी बाहेरून आणलेली’ असं आहे.

त्यांनी घड्याळ विकलं नाही. भाच्याने फक्त एवढंच विचारलं की लॉक कधीकधी आपोआप सुटतं, त्याचं काय करायचं. पात्याची पकड मी थोडी आत घेतली. डाव्या टोकाची पिन झिजली होती, ती काढून नवी घातली, जुनी पुडीत बांधून त्यांना दिली. चिठ्ठीच्या शेवटी पिन बदलल्याची तारीख आणि ‘डावीकडची पिन मूळची नाही’ असं लिहिलं, म्हणजे पुढे हे घड्याळ ज्याच्या टेबलावर जाईल त्याचा घोटाळा व्हायला नको.